करुणेचा जमाखर्च : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

दान देणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. परंतु दिलेल्या दानाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणे मात्र अनेकदा संकोचाचे वाटते. देणगीदार पावती घेऊन घरी जातो, कार्यकर्ते मनापासून राबतात, वर्षाच्या अखेरीस जमाखर्चाचे पत्रक छापले जाते आणि सर्वांना समाधान लाभते. अन्य संस्थांत एवढ्याने भागत असेलही. रुग्णालयात भागत नाही. तेथे हिशेबातील चूक कागदावर राहत नाही, ती रुग्णाच्या अंथरुणापर्यंत जाऊन पोहोचते.

हे सत्य ज्यांनी आयुष्यभर अभ्यासले आणि आकड्यांच्या आधारे राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्याला शालेय पुस्तकातून झालेली असते. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी दयाळू परिचारिका, एवढेच ते चित्र असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रत्यक्ष शुश्रूषेत त्यांची फार थोडी वर्षे गेली. उरलेले प्रदीर्घ आयुष्य त्यांनी तक्ते, नोंदवह्या, अंदाजपत्रके आणि अहवाल यांच्या सहवासात घालविले. दिव्याइतकीच हिशेबाची वहीही त्यांच्या हाती शोभून दिसते.

श्रीमंत घरातील गणिताची ओढ

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला. जन्मगावाचेच नाव त्यांना मिळाले. घराणे इंग्लंडमधील सधन जमीनदारांचे. डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन परगण्यांत त्यांची प्रशस्त निवासस्थाने होती. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना प्राचीन आणि अर्वाचीन भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला मात्र याखेरीज गणिताची विलक्षण ओढ होती. सुखवस्तू घरातील कन्येने गणित शिकून काय करावयाचे, असे मातोश्रींना वाटे. परंतु मुलीचा हट्ट टिकला आणि तिला शिक्षक मिळाले.

वयाच्या १७व्या वर्षी, १८३७ मध्ये, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी हाक दिली आहे, असा अनुभव त्यांना आला. ही सेवा म्हणजे रुग्णांची सेवा, हे पुढे स्पष्ट होत गेले. त्या काळी इंग्लंडात रुग्णालयातील परिचारिकेचे काम प्रतिष्ठित समजले जात नसे. घरच्यांनी कसून विरोध केला. चांगल्या घरचे स्थळ त्यांनी नाकारले. रुग्णालयांचे अहवाल पहाटे उठून वाचावे, त्यांतून टिपणे काढावी, असा क्रम त्यांनी कित्येक वर्षे ठेवला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील सेवासंस्थेत तीन महिने राहून त्यांनी प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

हार्ले स्ट्रीटवरील पहिला धडा

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. आजारी आणि निर्धन झालेल्या कुलीन स्त्रियांसाठी हे रुग्णालय धर्मादाय निधीवर चालत असे. त्यांनी वेतन घेतले नाही. वडिलांनी त्यांना वर्षाला ५०० पौंड लावून दिले होते.

कारभार हाती घेताच त्यांनी प्रथम कोठीघर पाहिले. किराणा थोडा थोडा करून किरकोळीने महागड्या दुकानातून येत होता. त्यांनी ठोक खरेदी सुरू केली. मुरंबा विकत आणण्याऐवजी घरीच करविला. त्याचबरोबर काही ठिकाणी त्यांनी खर्च वाढविण्याचा आग्रह धरला. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी आले पाहिजे, जेवण वर नेण्यासाठी दोरीने ओढावयाची पेटी बसविली पाहिजे, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली हे परिचारिकेला कळेल अशी सोय झाली पाहिजे, असे त्यांनी कार्यकारी समितीस सांगितले. परिचारिकेचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जात असेल, तर तिचे अर्धे वेतन जिन्यांवरच खर्च होते, हा त्यामागील हिशेब होता.

काटकसर आणि कंजुषी यांतील फरक येथे दिसतो. रुग्णाच्या उपयोगी न पडणारा खर्च त्यांनी कमी केला आणि रुग्णाच्या उपयोगी पडणारा खर्च निःसंकोच मागितला. दर तिमाहीस त्या समितीपुढे लेखी अहवाल ठेवीत. समितीचा नियम केवळ एका पंथाच्या स्त्रियांना प्रवेश देण्याचा होता. धर्म न पाहता सर्व रुग्णांना दार खुले असावे, ही अट मान्य करून घेतल्यावरच त्यांनी काम पुढे चालविले.

भांडार भरलेले, रुग्ण उपाशी

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन उतरले. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या वार्ता लंडनच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या आणि देशभर संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांचे पथक घेऊन फ्लॉरेन्स ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुतारी येथे पोहोचल्या. एका अवाढव्य बराकीचे रुग्णालय बनविलेले होते. कैक मैल भरतील अशा रांगांत सैनिक जमिनीवर पडून होते. अंगावर स्वच्छ सदरा नव्हता, खाली चादर नव्हती, जेवावयास ताटली नव्हती.

आश्चर्य असे की पैशाची टंचाई नव्हती. सरकारने रक्कम मंजूर केली होती आणि मालही पाठविला होता. दोष होता तो व्यवस्थेचा. पुरवठा अधिकाऱ्याच्या भांडारातून माल बाहेर पडावयाचा तर ठरावीक मागणीपत्र, त्यावर ठरावीक सह्या आणि मालाच्या तपासणीसाठी समितीची बैठक लागे. २७,००० सदरे बंदरात उतरले असताना, समितीने पाहिल्याखेरीज गाठोडी सोडता येत नाहीत म्हणून थंडीने कुडकुडणारे सैनिक दिवसेंदिवस उघडे राहिले. कोबीने भरलेले एक गलबत आघाडीवर आले. परंतु माल कोणाच्या नावे आहे हे कागदावर नसल्यामुळे तो घेण्यास कोणी धजेना आणि अखेर कोबी समुद्रात टाकला गेला. त्याच वेळी भाजीपाल्याअभावी होणाऱ्या रोगाने सैन्य पोखरले जात होते.

हिशेबाची पद्धत मालाच्या रक्षणासाठी असते. मालाचे रक्षण झाले आणि ज्याच्यासाठी तो आणला तो मनुष्य मेला, तर त्या पद्धतीने काय साधले? फ्लॉरेन्स यांनी नियम झुगारून दिले नाहीत. वृत्तपत्राने जमविलेला मदतनिधी आणि स्वतःकडे आलेल्या देणग्या यांतून त्यांनी समांतर भांडार उभे केले. वैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी मागणी आल्याशिवाय त्यांच्या भांडारातूनही वस्तू दिली जात नसे. पण मागणी आल्यावर ती तत्काळ दिली जाई. एकदा शेकडो नवे जखमी येत असल्याचे कळले आणि काही दालने राहण्यायोग्य नव्हती. मजुरांनी काम सोडले होते. फ्लॉरेन्स यांनी स्वतःच्या जबाबदारीवर २०० मजूर लावून दालने दुरुस्त करविली आणि मजुरी चुकती केली. तो खर्च युद्धखात्याने मागाहून भरून दिला.

युद्ध संपल्यावर, १८५७ मध्ये, त्यांनी आपल्याकडे आलेल्या ऐच्छिक देणग्यांचे सविस्तर विवरण छापून प्रसिद्ध केले. काय आले आणि ते कसे वाटले गेले, हे त्यात मांडलेले आहे. कोणी मागितला नसता तरी त्यांनी हा हिशेब दिला. त्या वेळी त्यांची लोकप्रियता एवढी होती की त्यांच्यावर शंका घेण्याचे धाडस कोणी केले नसते. नेमक्या अशाच वेळी हिशेब देणे हे विश्वस्तपणाचे खरे लक्षण होय.

सैनिकांच्या बचतीविषयीचे त्यांचे कार्यही उल्लेखनीय आहे. सैनिक पगार दारूत उडवितात, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. घरी पैसे पाठविण्याची सोपी सोय नसल्यामुळे असे होते, असे फ्लॉरेन्स यांचे मत होते. त्या आठवड्यातून एक दुपार स्वतः सैनिकांची रक्कम स्वीकारून त्यांच्या घरी धाडण्याची व्यवस्था करू लागल्या. पुढे सरकारनेच मनिऑर्डरची कार्यालये उघडली आणि सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड सैनिकांनी आपल्या कुटुंबांस पाठविले.

स्वतःच्याच कामाची तपासणी

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी परतल्या. देश त्यांना देवता मानू लागला होता. सत्कार टाळून त्या कामाला लागल्या. सैन्याच्या आरोग्याविषयी शाही चौकशी आयोग नेमला जावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि तो नेमला गेल्यावर सांख्यिकीतज्ज्ञ डॉ. विल्यम फार यांच्या साहाय्याने युद्धकाळातील आकडे तपासावयास घेतले.

प्रथम अडचण आली ती नोंदींची. स्कुतारी येथे मृत्यूंच्या तीन निरनिराळ्या नोंदी ठेवल्या जात आणि तिन्हींच्या बेरजा जुळत नव्हत्या. दुकानाच्या रोजमेळात आणि खतावणीत चार आण्यांचा फरक पडला तर व्यापारी रात्र जागवितो. येथे माणसे हिशेबातून नाहीशी झाली होती.

आकडे जुळवीत गेल्यावर जे दिसले ते भयंकर होते. युद्धात मृत्यू पावलेल्या सुमारे १८,००० ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे १६,००० रोगाने गेले होते. शत्रूच्या गोळीने मेलेले त्या मानाने थोडे होते. स्कुतारीतील मृत्यूचे प्रमाण फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्च महिन्यात स्वच्छता आयोगाने येऊन तुंबलेली गटारे धुऊन काढली, पाण्याचा मार्ग साफ केला, हवा खेळती केली. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ वर आले.

याचा अर्थ फ्लॉरेन्स यांच्या ध्यानात आला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. पहिल्या हिवाळ्यात त्या तेथे होत्या. अन्न, वस्त्र, शुश्रूषा यांसाठी त्यांनी जिवाचे रान केले होते. आणि तरीही त्याच काळात, त्याच छपराखाली सर्वाधिक माणसे मेली होती. सैनिक अतिश्रमाने आणि उपासमारीने मरतात, अशी त्यांची स्वतःची प्रारंभीची समजूत होती. आकड्यांनी ती खोटी ठरविली. इमारतीखालची घाण हे मोठे कारण होते आणि तिकडे वेळीच कोणाचे लक्ष गेले नव्हते.

हे झाकून ठेवणे सोपे होते. त्यांची कीर्ती तर स्कुतारीवरच उभी होती. परंतु त्यांनी हेच आकडे रंगीत आकृत्यांच्या रूपाने मांडले. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग करून, रोगाने झालेले मृत्यू एका रंगात आणि जखमांनी झालेले दुसऱ्या रंगात दाखविले. तक्ते वाचण्याचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही एका दृष्टिक्षेपात अर्थ कळावा, असा हेतू होता. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासदत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

रुग्णांची आरंभीची आणि अखेरची शिल्लक

युद्धानंतर त्यांचे लक्ष नागरी रुग्णालयांकडे वळले. लंडनमधील प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी. त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलना होत नसे. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या तक्त्यांची योजना ठेवली.

त्या तक्त्यात मुख्य बाबी सात होत्या. वर्षारंभी रुग्णालयात असलेले रुग्ण, वर्षात दाखल झालेले, बरे होऊन किंवा आराम पडून गेलेले, बरे न होता किंवा स्वतःच्या इच्छेने गेलेले, मृत्यू पावलेले, वर्षाखेर राहिलेले, आणि सरासरी किती दिवस रुग्ण राहिला तो आकडा. व्यापारी मनुष्यास हे तत्काळ उमगेल. ही आरंभीची शिल्लक, आवक, जावक आणि अखेरची शिल्लक आहे. समजा, वर्षारंभी ४० रुग्ण होते आणि वर्षात ५०० आले, तर ५४० जणांचा हिशेब लागला पाहिजे. ४३० बरे झाले, ४० तसेच गेले, ३० दगावले, ४० शिल्लक राहिले, बेरीज जुळली. बरे न होता गेलेल्यांचा रकाना वेगळा ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. तो नसेल तर असाध्य रुग्णास आधीच घरी पाठवून मृत्यूंची संख्या कमी दाखविता येते.

सातवी बाब अर्थव्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. वर उदाहरणादाखल घेतलेल्या रुग्णालयात ४० खाटा वर्षभर भरलेल्या असतील तर खाटांचे १४,६०० दिवस होतात. प्रत्येक रुग्ण सरासरी २९ दिवस राहिला तर सुमारे ५०० रुग्णांना लाभ मिळतो. स्वच्छता आणि शुश्रूषा सुधारून हा काळ २० दिवसांवर आला तर त्याच खाटांवर, त्याच इमारतीत ७३० रुग्ण बरे होऊ शकतात. दर खाटेचा खर्च तोच राहिला तरी दर रुग्णाचा खर्च उतरतो. नुसत्या एकूण खर्चावरून रुग्णालय महाग की स्वस्त हे ठरत नाही, हे यातून समजते.

असे तक्ते ठेवल्यास वर्गणीदारांना आपल्या पैशाने खरोखर किती भले झाले, की भल्याऐवजी अपायच झाला, हे कळेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. दानाने अपायही होऊ शकतो, हे त्या काळी ऐकावयास कठोर होते. लंडनच्या काही रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली. परंतु ती फार काळ टिकली नाही.

आकड्यांच्या बाबतीत त्यांच्याकडूनही चूक झाली, हे सांगणे आवश्यक आहे. रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत डॉ. फार यांचा एक तक्ता घेतला होता. त्यात वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी हजर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. साहजिकच लंडनच्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक दिसले आणि डॉक्टरांनी टीकेची झोड उठविली. वर्षाची विक्री एका दिवसाच्या मालाशी ताडून पाहावी, तसा हा प्रकार होता. दोन्ही आकडे एकाच काळाचे असले पाहिजेत, हा लेखाशास्त्राचा साधा नियम मोठ्या माणसांच्या हातूनही निसटतो.

भांडवल, व्याज आणि बुडीत खर्च

१८५५ मध्ये, त्या अद्याप युद्धभूमीवर असतानाच, कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावे निधी उभारला होता. सैनिकांनी एक-एक दिवसाचा पगार दिला. एकूण सुमारे ४४,००० पौंड जमले. या पैशातून भव्य वास्तू उभारणे सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. रक्कम गुंतविण्यात आली, कारभारासाठी मंडळ नेमले गेले, आणि उत्पन्नातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. इमारत रुग्णालयाची, रुग्ण रुग्णालयाचे, आणि शिक्षणाचा भार निधीचा, अशी ही व्यवस्था होती. मुद्दल राखून व्याजावर कार्य चालविण्याची ही रीत कायम निधी बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेस परिचित आहे.

याच सुमारास रेल्वे कंपनीस सेंट टॉमसच्या जागेचा काही भाग हवा होता. थोडी जागा विकून रुग्णालय तेथेच ठेवावे, असा एक पक्ष होता. लोहमार्गाला लागून रुग्णालय चालविण्यात अर्थ नाही, सर्व जागा चांगल्या किमतीस विकून मोकळ्या हवेत नवे रुग्णालय बांधावे, असे फ्लॉरेन्स यांचे मत होते. रुग्ण दूर जाणार नाहीत, या आक्षेपास त्यांनी रुग्ण कोणत्या भागातून येतात याची आकडेवारी पुढे ठेवून उत्तर दिले. अखेर कंपनीला सर्व मालमत्ता जवळजवळ ३ लाख पौंडांस घ्यावी लागली. नवे सेंट टॉमस टेम्स नदीच्या काठी उभे राहिले आणि १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

प्रत्येक वेळी यश आले असे नाही. नेटली येथील लष्करी रुग्णालयाचा आराखडा त्यांना सदोष वाटला. लहान लहान खोल्यांमुळे हवा कोंडते आणि देखरेखीस माणसे अधिक लागतात. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, परंतु वाढीव माणसांचा खर्च इमारत उभी असेपर्यंत दरवर्षी होत राहतो. म्हणून भांडवली खर्चाचा विचार करताना पुढील महसुली खर्च डोळ्यांपुढे ठेवावा, असा त्यांचा आग्रह असे. पण पाया घातला गेला होता आणि पुष्कळ पैसा खर्च झाला होता. झालेला खर्च वाया जाईल या भीतीने मूळ आराखडाच रेटला गेला. १८६३ मध्ये ते उघडले आणि शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये, बहुतांश पाडून टाकावे लागले.

बुडीत खर्चाच्या मोहातून त्या स्वतः मात्र सुटल्या. त्यांच्या निधीच्या साहाय्याने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिविभाग चालत होता. तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या. १८६७ मध्ये हा विभाग बंद करण्यात आला. त्यानंतर त्यांनी प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांपेक्षा तत्कालीन प्रसूतिगृहांत मातांचे मृत्यू अधिक होतात, हे दाखविले. आपल्याच नावाच्या निधीतून चाललेल्या कामाविरुद्ध असा दाखला स्वतःच्या लेखणीने देण्यास मोठे धैर्य लागते.

लष्करी वैद्यकीय खात्यासाठी त्यांनी परिव्यय लेखांकनाची एक पद्धती आखून दिली होती. ती सुमारे ८० वर्षांनंतरही वापरात असल्याचे संसदेच्या एका समितीस आढळून आले.

गरिबाच्या औषधाचा भार कोणी वाहावा

त्या काळी लंडनमध्ये निर्धन रुग्णांचा खर्च ज्या त्या वस्तीच्या करातून होत असे. ज्या वस्तीत गरिबी अधिक तेथे आजार अधिक, आणि तेथेच कराचे उत्पन्न सर्वांत कमी. श्रीमंत वस्तीत पैसा होता, पण तसे रुग्ण नव्हते. निराधारांच्या आश्रयगृहांतील आजाऱ्यांचे हाल चव्हाट्यावर आल्यावर फ्लॉरेन्स यांनी सरकारपुढे तीन सूत्रे ठेवली. आजाऱ्यांना इतर निराधारांपासून वेगळे ठेवावे, सर्व शहराची व्यवस्था एका सत्तेखाली असावी, आणि खर्च सर्व शहरावर समान बसविलेल्या करातून व्हावा. १८६७ च्या कायद्यात त्यांच्या सर्व मागण्या आल्या नाहीत. तथापि शहराचा सामायिक निधी निर्माण झाला आणि गरिबांच्या औषधपाण्याचा काही भार श्रीमंत वस्त्यांनीही उचलावा, हे तत्त्व मान्य झाले. पुढे सार्वजनिक आरोग्यसेवेचा जो विस्तार झाला, त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांत याची गणना होते.

हिंदुस्थानची चिंता

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत, परंतु या देशाचा विचार त्यांनी चाळीस वर्षे केला. १८५९ मध्ये येथील सैन्याच्या आरोग्याविषयी आयोग नेमला गेला, तेव्हा सर्व छावण्यांना प्रश्नावली पाठवून आलेल्या माहितीचे विश्लेषण त्यांनी केले. येथील ब्रिटिश सैनिकांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ होते. स्वच्छतेच्या उपायांनंतर १८७३ पर्यंत ते १८ वर आले.

सैन्यापासून आरंभ झालेली ही चिंता पुढे खेड्यांतील रयतेपर्यंत गेली. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज या विषयांवर त्यांनी लेखन केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा ग्रामस्वच्छतेविषयी पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रास त्यांनी प्रस्तावना लिहिली. खेड्याकडून जो उपकर वसूल होतो, त्यातून प्रथम त्या खेड्याच्या स्वच्छतेची किमान गरज भागवावी, मग इतर कामे करावीत, अशी विनंती त्यांनी भारतमंत्र्यांस केली. ज्याचा पैसा त्याच्या आरोग्यासाठी आधी, हे सूत्र लंडनमधील रुग्णालयाला आणि दख्खनमधील खेड्याला त्यांनी सारखेच लावले.

अखेरची शिल्लक

युद्धातून परतल्यावर लवकरच त्यांना दीर्घ आजाराने घेरले आणि नंतरची अनेक वर्षे त्यांचा बहुतेक वेळ खोलीतच गेला. मंत्री, डॉक्टर, अभियंते त्यांच्याकडे येत. ऑक्सफर्ड येथे सांख्यिकीचे अध्यासन स्थापन व्हावे, राज्यकर्त्यांना आकडे वापरता यावेत, ही त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली. वृद्धापकाळी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याची सूचना कुटुंबाने नम्रपणे नाकारली. हॅम्पशायरमधील एका खेड्याच्या प्रार्थनामंदिराजवळ त्या चिरविश्रांती घेत आहेत.

आज गावोगावी धर्मादाय दवाखाने, रुग्णालये आणि रक्तपेढ्या चालतात. त्यांचे विश्वस्त वर्षाअखेर जमाखर्च तपासून घेतात आणि लेखापरीक्षकाची सही होते. ते आवश्यकच आहे. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवन त्यापुढची अपेक्षा ठेवते. ताळेबंदाच्या शेजारी आणखी एक पान असावे. किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती बरे न होता परतले, दर रुग्णामागे खर्च किती झाला, आणि भांडारात असलेली कोणती वस्तू वेळेवर खाटेपर्यंत पोहोचली नाही, हे त्या पानावर लिहिलेले असावे. ते पान देणगीदाराने मागण्याची वाट पाहू नये. त्यावरील आकडे आपल्या विरुद्ध गेले तर तेही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहावेत. असे पान जेथे दरवर्षी लिहिले जाते, तेथे दात्याने दिलेला प्रत्येक रुपया ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचतो.